येणे बाकी

येणे म्हणजे जे येत नाही ते. ही व्याख्या वाणिज्याच्या पुस्तकात सापडणार नाही; ती विनाअनुदानित महाविद्यालयाच्या लेखापालाला विचारावी.

जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय चांगलाच. मुलींनी पेढे वाटले, लेखापालानेही एक खाल्ला आणि 'येणे'च्या रकान्यात शासनाच्या नावे आणखी एक ओळ ओढली. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. आता त्याच्या घरचे छप्पर गळत असताना आधी पत्रे आणायचे की फी भरायची, हा प्रश्न फोनवरून सोडवायचा मानही लेखापालाचाच.

वीजबिलाला मात्र 'येणे' समजत नाही, त्याला तारीख समजते. म्हणून एसी बंद, पंखे दोनवर, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना "पुढच्या महिन्यात नक्की, सर!" हे बिनव्याजी आश्वासन.

पूर्वी अशातच महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची. भिंतींना रंग लागायचा, दारात रांगोळी पडायची, कुंड्या भाड्याने यायच्या. त्यांचे भाडेही उधारच.

मूल्यांकनाच्या अहवालात संस्थेच्या दोन 'उत्तम प्रथा' लिहाव्या लागत. पहिली वृक्षारोपण, हे ठरलेलेच. दुसरीपाशी लेखापाल थबकला, त्याने कॅलेंडरकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे लिहिले: वाट पाहणे.