हळदीला जपानी गाणं

लग्नसराई तोंडावर आली आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या नवरदेवांच्या मित्रमंडळींपुढे एक प्रस्ताव ठेवतो: यंदा हळदीच्या रात्री कराओकेवर जपानी गाणी म्हणावीत. हसण्याआधी सध्याची परिस्थिती पाहा. मांडवात स्पीकरची भिंत उभी राहते, लॅपटॉप उघडतो, पडद्यावरची अक्षरं रंग बदलू लागतात आणि मित्र एकेक करून माईक हातात घेतात. मुखडा निभावतो. अंतऱ्यात चाल वर चढते, गळ्याची शीर फुगते, आणि ऐन मोक्याच्या जागी गायक माईक गर्दीकडे वळवून ओरडतो, 'आता तुम्ही म्हणा!' गर्दीला तो उत्साह वाटतो. खरं तर ती शरणागती असते. पुढच्या गायकाचंही तेच होतं, त्याच्या पुढच्याचंही, आणि तरी पुढच्या लग्नात गाण्यांची यादी बदलत नाही.

दोष गळ्यांचा नाही, निवडीचा आहे. साधारण पुरुषाचा आवाज काळी एक, फार तर काळी दोनच्या आसपास सुखाने राहतो. कराओकेचा ट्रॅक मात्र मूळ गायकाच्या पट्टीत बनवलेला असतो, आणि मूळ गायक त्या जागी पोचला तो काही हळदीत नाचता नाचता पोचला नव्हता. 'बैजू बावरा'मधलं १९५२ सालचं 'ओ दुनिया के रखवाले' शेवटाकडे जिथे जातं, तिथे रफींखेरीज कोणी जाऊ नये. पण प्रत्येक वाडीत एक काका तिथे जाऊन आलेले असतात आणि त्याच्या आठवणी वाडी विसरत नाही. तरुणांची तऱ्हा निराळी नाही, फक्त देव बदलले आहेत. कोणाला अरिजित सिंग व्हायचं असतं, कोणाला 'सैराट'नंतर अजय गोगावले. गाणं निवडताना 'हे मला झेपेल का' हा प्रश्न कोणी विचारत नाही; 'हे वाजलं की लोक उठतील का' एवढाच विचारतात. लोक उठतात. कधी कधी उठून घरी जातात.

वास्तविक याच मुलखात पट्टीचं शहाणपण जुनं आहे. गणपतीतल्या भजनाला बसलेले बुवा तोंड उघडण्याआधी पेटीवाल्याला पट्टी सांगतात, मृदंग त्या पट्टीला लावून घेतला जातो, आणि मग गजर सुरू होतो. बुवांना खोकला झाला असेल तर पट्टी उतरते, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कराओकेचा जन्मसुद्धा याच शहाणपणातून झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक होता. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं, साथीला इनोउएच हवा होता, आणि इनोउएला जाणं जमत नव्हतं. तेव्हा त्या मालकाच्या गळ्याला आणि लयीला जमेल अशी साथ त्याने टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ साली त्याने नाणं टाकून चालणारी ११ यंत्रं बनवली आणि कोबेच्या बारमध्ये भाड्याने ठेवली. पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्याला शांततेसाठीचं इग नोबेल हे थट्टेचं पारितोषिक मिळालं, कारण या यंत्रामुळे माणसं एकमेकांना सहन करायला शिकली. मुद्दा असा, की पहिली कराओके गाणाऱ्याच्या मापाने बेतलेली होती. आपण मात्र तयार सदऱ्यात अंग कोंबतो आणि शिवण उसवली की शिंप्याला शिव्या देतो.

यावर सरळ उपाय आहे. आजच्या बहुतेक कराओके ॲपमध्ये आणि यंत्रात पट्टी वरखाली करण्याची सोय असते. जपानमध्ये हे बटण सर्रास दाबलं जातं. आपल्याकडे ते दाबायला सांगणं म्हणजे पंगतीत वाढप्याला 'तिखट सोसत नाही' असं चारचौघांत सांगणं. 'ओरिजिनल स्केललाच म्हणणार' हे वाक्य बोलण्यासाठीच काही जण स्टेजवर चढतात. हा अभिमान सुटणार नाही हे गृहीत धरलं, तर दुसरा मार्ग उरतो: ज्याचा ओरिजिनल मांडवात कोणालाच माहीत नाही असं गाणं. इथे जपानी गाण्याचा अधिकार सिद्ध होतो.

पुरावे घ्या. जपानीचे स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. जवळपास प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, जोडाक्षरांची फारशी अडगळ नाही, आणि प्रत्येक अक्षराला सारखी मात्रा. म्हणजे शब्द देवनागरीत लिहून घेतले की बिरवाडीचा पोरगा ते पहिल्या वाचनात बिनचूक म्हणू शकतो. पंजाबी गाण्याबाबत हे होत नाही. जपानी अक्षरांचा क्रमही आपल्याला परका नाही. क, स, त, न, ह, म, य, र, व ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या वर्णमालेवरून उचलली. स आपल्या च च्या जागी बसतो आणि ह प च्या. गांधारपाल्याची बौद्ध लेणी ज्या महाडच्या वेशीवर आहेत, त्या महाडने एवढा संबंध मानायला हरकत नसावी. सुरांचं म्हणाल तर मेइजी काळापासून जपानी शाळांतली आणि पुढे लोकप्रिय झालेली कितीतरी गाणी मध्यम आणि निषाद वर्ज्य करून बांधलेली आहेत. सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप. भजनात वाढलेल्या कानाला तो शिकवावा लागत नाही.

निवडीत मात्र घाई नको. 'एन्का' नावाचा प्रकार हळवा आणि आकर्षक असतो, पण त्यात गळ्याला अशा बारीक हरकती घ्याव्या लागतात की रफी परवडले. 'आकातोम्बो' हे कोसाकु यामादांनी १९२७ साली चाल दिलेलं गाणं भूपाच्या सुरांचं आणि दिसायला बालगीत आहे, पण ते गुपचूप सप्तक ओलांडतं, टाळा. नवशिक्यांसाठी 'उए ओ मुइते आरुको' उत्तम. क्यू साकामोतो यांनी १९६१ साली गायलेलं हे गाणं चालायच्या ठेक्यात आहे, आणि त्यात एक तुकडा चक्क शिट्टीचा आहे. शब्द विसरलात तर शिट्टी वाजवा. या कलेत पोलादपूरच्या एसटी स्टँडवर तयार झालेली पोरं जपान्यांना हरवतील. ज्यांना शिट्टीही जमत नाही, त्यांनी ब्लू हार्ट्स या बँडचं १९८७ सालचं 'लिंडा लिंडा' घ्यावं. ध्रुवपद म्हणजे मुख्यतः गाण्याचं नाव, आणि ते ओरडूनच म्हणायचं आहे.

आता आक्षेप. पहिला: अर्थ कोणाला कळणार? १९६३ साली साकामोतोंचं हे गाणं तीन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. ते जपानीतच होतं, आणि विकणाऱ्यांनी त्याला 'सुकियाकी' या मांसाच्या रश्श्याचं नाव देऊन टाकलं होतं. कोणाचं काही अडलं नाही. आपल्याही हळदीत अर्थ कळून कोण नाचतं? प्रेयसीने दगा दिल्याची आणि दारूत बुडाल्याची गाणी आपण नवरीच्या आत्यासमोर आनंदाने म्हणतो. अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचं हे गाणं त्या मानाने फारच सोज्वळ आहे.

दुसरा आक्षेप अस्मितेचा, आणि तो वजनदार आहे. ज्या पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे, जिथे शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिथे परदेशी गाणी कशाला? आपली जाखडी आहे, शक्ती-तुरा आहे. अगदी मान्य. पण शक्ती-तुऱ्यात शाहिराला समोरच्याने टाकलेला पुराणातला सवाल उकलावा लागतो, त्याचं उत्तर कवनात बांधून तिथल्या तिथे गावं लागतं, आणि बाल्यांचे घुंगरू थांबू द्यायचे नसतात. पडद्यावर अक्षरं येत नाहीत. ती आपली परंपरा आहे खरी, पण सोपी नाही, आणि इथे विषय सोप्या गाण्यांचा चालला आहे. ज्यांना अस्मितेची तळमळ आहे त्यांनी आजपासून एखाद्या शाहिराच्या मागे झील धरायला उभं राहावं. चार-पाच वर्षांत जपानी गाण्यांची गरज उरणार नाही.

तिसरा आक्षेप रसिकांचा: सोपं गाणं म्हणजे कलेशी तडजोड. हे बहुधा ते लोक म्हणतात जे स्वतः गात नाहीत. जपानमध्ये माणूस आपल्या गळ्याचं एक हुकमी गाणं ठरवून ठेवतो आणि वर्षानुवर्षं तेच घासतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. शिवाय तिथे तो ते गाणं गावाला ऐकवत नाही. ओकायामा भागात १९८५ साली मालवाहू कंटेनरमध्ये कराओकेची बंद खोली निघाली, आणि तिचा प्रसार देशभर झाला. पुण्याने ओकायामाकडून बागेची कल्पना घेतली, सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभं केलं, त्याबद्दल आभार. कंटेनर घ्यायचा राहून गेला. महाडमधून औद्योगिक वसाहतीचे कंटेनर रोज ये-जा करतात. एखादा रिकामा मिळाला, तर ज्यांना 'ओरिजिनल स्केल'च हवी आहे त्यांची सोय आत करता येईल.

तोवर ज्यांच्या घरी हळदीची तारीख ठरली आहे, त्यांनी कराओकेवाल्याशी पैशांची बोलणी करतानाच दोन अटी घालाव्यात. प्रत्येक पुरुष गायकासाठी पट्टी आधी दोन सूर खाली आणायची, विचारायचं नाही. आणि रात्री दहाला स्पीकर बंद, कारण ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम जपानी गाण्यांनाही लागू आहे.