मुगाचा सोमवार

श्रावणी सोमवारांचं एक बरं असतं. शंकराला काय वाहायचं यावरून घरात वाद होत नाही. पहिल्याला तांदूळ, दुसऱ्याला तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जव. कामकाजपत्रिका ठरलेली, आणि ती पारही पडते. २०२५ साली तिसरा सोमवार आला ११ ऑगस्टला. हिने सकाळीच मुगाची मूठ काढून ठेवली, साबुदाणा रात्रीच भिजत घातलेला होता, आणि उपवासाच्या दिवशी भुकेपेक्षा आळस जास्त येतो या अनुभवाला जागून आम्ही संसद टीव्ही लावून बसलो.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापकही येऊन बसले. त्यांच्याकडे उपवास कडक असतो, आमच्याकडे खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने पडतं.

"वर्ग किती वाजता भरतो यांचा?" सरांनी विचारलं.

"अकराला. पहिला तास प्रश्नोत्तरांचा."

सर खूश झाले. प्रश्नोत्तरांनी दिवस सुरू करणारी शाळा त्यांना चाळीस वर्षांत भेटली नव्हती. मग आम्ही त्यांना तारांकित प्रश्न समजावून सांगितला. खासदाराने पंधरा दिवस आधी लेखी प्रश्न द्यायचा, चिठ्ठ्या टाकून क्रम लागतो, दिवसाला वीस प्रश्नांवर तारा येतो, मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. बिनताऱ्याच्या सव्वादोनशे-अडीचशे प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. उपप्रश्नात मंत्र्याची खरी परीक्षा, कारण तो आधी फुटलेला नसतो.

एवढं समजावून होईपर्यंत सभागृह तहकूब झालं होतं.

"श्रावणी सोमवार," सर समजूतदारपणे म्हणाले. "अर्धी शाळा. आमच्याकडेही होती. पण पहिले दोन तास तरी आम्ही घ्यायचो हो."

तहकूब हा मराठीतला फार सोशिक शब्द आहे. त्यात कोणी काही मोडलं असं वाटत नाही, काम फक्त पुढे सरकतं. त्या पावसाळी अधिवेशनात बहुतेक दिवशी हाच परिपाठ होता. अकराला भरायचं, फलक यायचे, हौद्यात गर्दी व्हायची, अध्यक्ष म्हणायचे 'जागेवर बसा', कोणी बसायचं नाही, की सभागृह बारापर्यंत किंवा दोनपर्यंत तहकूब. लोकशाहीचे बारा वाजले अशी ओरड करणाऱ्यांना आम्ही तपशिलासाठी सांगतो, की पुष्कळदा ते थेट दोनच वाजले. तरी शून्य प्रहराला मानावं लागेल. संसदेच्या नियमावलीत हा प्रहर कुठेच नाही, तो आपल्या लोकांनीच रूढ केला, आणि या अधिवेशनात तो पहिल्यांदाच नावाप्रमाणे वागला.

भांडण होतं बिहारच्या मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून. विरोधक म्हणत होते, चर्चा द्या. सरकार म्हणत होतं, प्रकरण न्यायालयात आहे, शिवाय निवडणूक आयोग स्वायत्त आहे, त्याच्या कारभारावर सभागृहात चर्चा होत नाही. याच्या पुष्ट्यर्थ संसदीय कार्यमंत्री किरेन रिजिजू यांनी बलराम जाखड अध्यक्ष असतानाचा निर्णय शोधून काढला होता. जाखड काँग्रेसचे. काँग्रेसने केलेलं काहीही चालत नाही हे गेली अकरा वर्षं ऐकून आम्हाला पाठ झालं आहे. अडचणीच्या वेळी मात्र आजोबांच्याच पेटीत हात घालावा लागतो.

तेव्हा त्या सोमवारी विरोधी खासदारांनी ठरवलं, की सभागृह ऐकत नाही तर आयोगाकडेच चालत जाऊ. संसदेपासून अशोक रोडवरचं निर्वाचन सदन जेमतेम किलोमीटरभर. तेवढंही चालता आलं नाही. परिवहन भवनाजवळ पोलिसांनी अडथळे उभे केले होते. अखिलेश यादव त्यावर चढले, राहुल आणि प्रियांका गांधींसह अनेकांना बसमध्ये घालून पोलीस ठाण्यात नेलं आणि मग सोडून दिलं. आयोगाने भेटीची वेळ दिली होती, पण जागेच्या अडचणीमुळे तीसच जणांनी यावं असं कळवलं होतं. जागेची अडचण आम्ही समजू शकतो. आमच्याही घरी दोन पाहुणे आले की एकाला गॅलरीत बसवावं लागतं. पण नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसनं आहेत, खासदार ५४३, आणि त्या दुपारी तिथे जागेची अडचण अजिबात नव्हती. एखादी सतरंजी आयोगाला पाठवता आली असती.

"म्हणजे मुलं मैदानात आणि शिक्षक वर्गात," सर म्हणाले. "मग आता धडा कसा पुढे सरकणार?"

सर निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. धडा पुढे सरकायला मुलं लागतात हा त्यांचा जुना समज. गणसंख्या एक दशांशची, म्हणजे लोकसभेत ५५ डोकी, आणि तीही कोणी मोजायची मागणी केली तरच मोजतात.

आमची खिचडी आली आणि तिकडे विधेयकं आली. आधी क्रीडा प्रशासन विधेयक आणि त्याच्या जोडीला उत्तेजक द्रव्यविरोधी कायद्यातली दुरुस्ती. त्यांवर थोडंफार बोलणं तरी झालं. मग आलं प्राप्तिकर विधेयक. १९६१चा कायदा मोडीत काढून त्याजागी नवा. जुन्यातली ८१९ कलमं घटवून ५३६ केलेली, ४७ प्रकरणांची २३, आणि शब्द पाच लाखांवरून दोन लाख साठ हजारांवर आणलेले. उद्देश काय, तर सामान्य माणसाला आपला कर आपल्याला वाचता यावा. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' यांचा घोळ मिटवून एकच 'करवर्ष' आणलं आहे. आजवर कर भरताना आम्ही नेमक्या कोणत्या वर्षात जगतो आहोत हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. त्यामुळे ही सुधारणा आम्हाला मनापासून आवडली.

खरं तेही सांगितलं पाहिजे. हे विधेयक फेब्रुवारीत आलं तेव्हा प्रवर समितीकडे गेलं होतं. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखाली ३१ खासदारांनी ते तपासलं, २८५ सूचना केल्या, हजारो पानांचा अहवाल दिला. ८ ऑगस्टला सरकारने जुना मसुदा मागे घेतला आणि सुधारलेला ११ तारखेला मांडला. म्हणजे कॅमेरा नसलेल्या खोलीत सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांशेजारी बसून कलमं वाचू शकतात. सभागृहात कॅमेरे आहेत.

तर ते विधेयक मांडलं गेलं आणि गदारोळात, चर्चेविना, काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूर झालं. ज्यांनी सत्यनारायणाची पूजा घातली आहे त्यांना ही पद्धत सांगायला नको. भटजी म्हणतात, 'मम म्हणा.' यजमान म्हणतो, 'मम.' कशाला म्हटलं ते विचारायचं नसतं, आणि पुढचं 'मम' येईपर्यंत हात पळीवरून काढायचा नसतो. 'खंड दोन ते अमुक विधेयकाचा भाग व्हावेत, जे अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं.' हो. 'जे प्रतिकूल असतील...' इथे प्रतिकूल मंडळी घोषणा देत असतात, आणि घोषणेला संसदीय परिभाषेत 'नाही' म्हणत नाहीत. 'हो म्हणणाऱ्यांचा विजय.' घोषणा देणाऱ्यांपैकी कोणी मतविभागणी मागितली तर दिवे लागतात, आकडे येतात, कोण कुठल्या बाजूला ते पिढ्यान्‌पिढ्या नोंदलं जातं. पण त्यासाठी आधी जागेवर जाऊन बसावं लागतं.

त्यामागोमाग करविषयक आणखी एक दुरुस्ती विधेयक निघून गेलं. दिवसभरात लोकसभेने एकूण चार विधेयकं संपवली. तोंडाने उपवास चर्चेचा आणि पानात चार पक्वान्नं. आपल्याकडे एकादशी अन्‌ दुप्पट खाशी म्हणतात, सोमवारसाठी तशी म्हण नव्हती.

हिने मधेच विचारलं, "एवढं ओरडताहेत, कोणी काही वाईट बोललं तर?" तर ते कामकाजातून काढतात. त्याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. २०२२मध्ये अशा शब्दांची पुस्तिका गाजली होती, त्यात 'जुमलाजीवी', 'बालबुद्धी', 'निकम्मा' वगैरे. कोणत्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ पाहून वगळतात, असं अध्यक्ष ओम बिर्ला यांना तेव्हा सांगावं लागलं. या शास्त्राला खरा धडा शिकवला तो मात्र नाशिकने. 'गोडसे' हा शब्द कित्येक दशकं असंसदीय शब्दांत मोडत होता, आणि नाशिककरांनी निवडून दिले हेमंत गोडसे. म्हणजे हा गृहस्थ सभागृहात आला की त्याच्याबरोबर एक असंसदीय शब्दही आत यायचा. त्यांनी तक्रार केली, आणि २०१५मध्ये अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी आडनाव मोकळं करून बंधन फक्त नथुरामपुरतं ठेवलं. मूळ चिपळूणच्या बाई, त्यामुळे आडनावाची अडचण त्यांना समजावून सांगावी लागली नसेल. पण शब्द वगळायचे तर आधी कोणीतरी बोलावं लागतं. त्या सोमवारी हे खातं तसं रिकामंच बसलेलं असणार.

अधिवेशन २१ ऑगस्टला संपलं. ठरलं होतं १२० तास काम, झालं ३७ तास. तारा लागलेल्या ४१९ प्रश्नांपैकी तोंडी उत्तरं मिळाली ५५ प्रश्नांना. हे आकडे खुद्द अध्यक्षांनी समारोपात वाचून दाखवले. मुख्याध्यापकांनी ते वहीच्या मागच्या पानावर मांडले, तासांची टक्केवारी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. एकतीस. "पस्तीसला पास," एवढंच म्हणाले. चौदा विधेयकं मांडली गेली, बारा मंजूर झाली, त्याचे गुण कुठल्या विषयात धरायचे हे त्यांना ठरवता आलं नाही.

प्राप्तिकर विधेयक १२ ऑगस्टला राज्यसभेने मंजूर केलं, २१ला राष्ट्रपतींची सही झाली. लागू १ एप्रिल २०२६पासून.

त्या सोमवारी संध्याकाळी हिने देवळात जाऊन मुगाची मूठ वाहिली. रात्री उपवास सोडायला उरलेल्या मुगाची उसळ होती. आम्ही ती गिळली.