तंत्रस्नेही गुरुजी कसे व्हावे

शिक्षकाने सतत नवे शिकत राहावे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. फक्त शिकल्याचा फोटो नसेल तर ते शिकणे धरले जात नाही. एवढे डोक्यात पक्के बसवून कामाला लागावे.

आधी ग्रुप जमवावेत. शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा, संघटनेचा आणि 'उपक्रमशील शिक्षक' नावाचे निदान दोन. व्हॉट्सॲपने ग्रुपची मर्यादा २५६ वरून १०२४ वर नेली, ती आपल्या तालुक्याकडे बघूनच नेली असणार. परिपाठाच्या आधी सुविचार पडलाच पाहिजे. कोणाचा ते ठाऊक नसेल तर खाली विवेकानंद किंवा अब्दुल कलाम लिहावे. दोघेही तक्रार करायला येत नाहीत.

आता वर्ग. गटचर्चा घ्यायची तर मुलांना गोल बसवावे. मधोमध बाटल्यांची झाकणे आणि आइस्क्रीमच्या काड्या. शर्ट खोचलेली पोरे पुढे. दोघांनी झाकणे उचलायची, तिसऱ्याने बोट दाखवायचे. फळ्यावर तारीख आणि पटसंख्या सुवाच्य हवी, कारण साहेब फोटो मोठा करून फळाच बघतात. फोटो जिओटॅगचा काढावा. अक्षांश-रेखांश उमटले की उपक्रम पार पडला. मग झाकणे डब्यात, मुले रांगेत. एखादी पोरगी विचारतेच, "गुरुजी, आता चर्चा करायची?" पुढच्या वेळी तिला मागे बसवावे. (मुलांचे चेहरे गावभर फिरवायला पालकांना विचारले होते का, असे कोणी ग्रुपवर विचारल्यास त्याला हात जोडल्याची इमोजी पाठवून विषय संपवावा.)

२०१६ साली राज्य सरकारने मुलांसोबत दर सोमवारी सेल्फी काढून पाठवायचा आदेश काढला, तेव्हा शिक्षकांनी केवढी ओरड केली होती. तो आदेश बारगळला. आता आदेशाची गरजच उरलेली नाही.

प्रशिक्षणाचे म्हणाल तर २०१७ पासून सरकारचे 'दीक्षा' ॲप आहे. व्हिडिओ सुरू करून चहा टाकावा. चहा उकळेपर्यंत अध्ययन निष्पत्ती होते. शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरे कोणीतरी १-ब, २-ड अशी ग्रुपवर टाकलेली असतातच. सहकार्यातून शिकणे म्हणतात ते हेच. प्रमाणपत्र लगेच स्टेटसला.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेही पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी. त्यांचा फोटो स्टेटसला जरूर ठेवावा. आपल्या वर्गातल्या पुस्तकावरचा कोड उघडून बघण्याची सक्ती नाही.

इथवर सगळे सोपे आहे. पंचाईत होते ती खरोखर शिकायला निघालेल्या माणसाची. लांबच्या वाडीवरच्या एखाद्या नव्या मॅडम ऐन सकाळी ग्रुपवर लिहितात, "तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमते, पण मधे शून्य आले की अडतात. तुम्ही कसे शिकवता?" अशा वेळी घाबरू नये. दोन अंगठे टाकावेत. एकाने 'खूप छान उपक्रम, मॅडम' लिहावे. तेवढ्यात 'अतितातडीचे : आज दुपारी २ पर्यंत लिंक भरणे' येते आणि प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो.

तरी एखाद्या सरांना राहवत नाही. ते रात्री मॅडमना खासगीत दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवतात. त्यात फक्त हात आणि खेळातल्या नोटा. ५०२ मधून २३८ द्यायचे आहेत. दहाची नोट एकही नाही, म्हणून शंभराची एक मोडून दहाच्या दहा घेतल्या. त्यातली एक मोडून दहा सुटे. शून्याच्या जागी नऊ कसे आले ते नोटा मोजणाऱ्या पोराला सांगावे लागत नाही. व्हिडिओला मागे संगीत नाही, खाली नाव नाही, शाळेचा बॅनर नाही. असले साहित्य कोणत्याच लिंकमध्ये भरता येत नाही, हे त्या सरांना कोणीतरी समजावले पाहिजे.

मॅडम तर त्याहून बेजबाबदार. दुसऱ्या दिवशी नोटा कापून वर्गात वाटल्या, पोरांनी दुकान मांडले, तासामागून तास गेले, आणि फोटो काढायचाच राहिला. दुपारची लिंकही राहिली. अशांसाठी संध्याकाळी पाचला 'माहिती अप्राप्त शाळा' अशी यादी लाल अक्षरांत ग्रुपवर टाकावी आणि ती पिन करावी.