निळा रंग दोन डबे जादा

आमच्या ओळखीचे एक पेंटरमामा आहेत. २०२३ साल त्यांना भलतंच लाभलं. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि पाट्या रंगवता रंगवता त्यांच्या ब्रशाचे केस झडले. तक्रार एकच. पाच अक्षरांचं गाव चार अक्षरांचं झालं आणि मामांचा दर अक्षरावर होता!

पाट्या संपल्यावर त्यांनी मोर्चा भिंतींकडे वळवला. त्यातही काही चूक नाही. २०१६ साली स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात अबोल भिंत म्हणून राहिलेली नाही. शाळांमध्ये ‘बोलक्या भिंती’ आधीपासून होत्या, पण त्या निदान पाढे तरी बोलायच्या. आताच्या भिंती नुसता उपदेश करतात. ओला कचरा, सुका कचरा, लेक वाचवा, पाणी वाचवा. आणि ‘तंबाखू सोडा’च्या बरोबर खाली ताजी पिचकारी. तो लाल रंग कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, पण टिकतो सगळ्यांत जास्त.

तर परवा मामा एक योजना घेऊन आले. भोगावतीच्या काठानं फिरायला पायवाट करायची. खाली पेव्हर ब्लॉक, कडेला कठडा, कठड्यावर चित्रं आणि शेवटी सेल्फी पॉइंट. मोबाइलवर त्यांनी पहिलं चित्र दाखवलं. डॉल्फिन.

“मामा, भोगावतीत डॉल्फिन?”

“भोगावतीत पाणी तरी कुठं हाय? मग मासा कंचा का असंना!”

यावर काय बोलणार? मी आपलं अंदाजपत्रक वाचायला घेतलं. ‘निळा रंग दोन डबे जादा.’ कशाला, म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, “भिंतीवर तरी नदी निळी दिसाया पायजे की. खाली बघायची सोय हाय व्हय?” कठड्याची उंचीही त्यांनी चांगली साडेपाच फूट धरली होती. फिरणाऱ्याला नदी दिसता कामा नये, हे नदीकाठच्या पायवाटेचं पहिलं तत्त्व मामांना कुणी न शिकवता उमगलं होतं. वासावर मात्र त्यांच्याकडे रंग नव्हता. “त्येला लोकं रुमाल आनतील.”

मामा काही जगावेगळं बोलत नव्हते. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटर काठ सजवायला घेतलाय. अहमदाबादेत साबरमतीचा काठ सजला, तेव्हा तिच्यात नर्मदेचं पाणी आणून सोडावं लागलं. आमच्याकडे कृष्णेचं पाणी आणायचं ठरलं, ते किती निवडणुका वाटेतच राहिलं हे लिहायला भिंत पुरायची नाही. आणि नदीला काठ कुठवर ठेवायचा हे माणसानं ठरवलं, तरी ती ते वाचत नाही. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडच्या लोकांनी ते घरात शिरलेल्या पाण्यात उभं राहून पाहिलं. त्या पाण्याचा रंग निळा नव्हता.

तसं पाहिलं तर नदीकाठची भिंत रंगवणं ही आपली जुनी खोड. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावरच आहेत. त्या कारागिरांनी आधी माती, भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू कालवून भिंतीला गिलावा दिला, वर चुन्याचा हात दिला आणि मग कुठं रंग घेतला. ती चित्रं दीड हजार वर्षं निघाली. मामांची हमी पहिल्या पावसापर्यंतची, म्हणजे तपासणीचं पथक येऊन जाईपर्यंतची. तेवढी पुरते. आणि चित्रांशेजारी बदाम कोरून आपलं नाव लिहिणाऱ्या आमच्या पोरांना उगाच बोल लावू नका. १८१९ साली अजिंठ्याला पोचलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या साहेबानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव तारखेसकट कोरून ठेवलंय. बदाम तेवढा काढला नाही.

मग मी मामांना म्हटलं, एवढा खर्च करण्याआधी एकदा नळदुर्गला जाऊन या. आपल्याच जिल्ह्यात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, किल्ल्यात बोरी नदीवर धरणाची भिंत घातली आणि तिच्या पोटात पाणीमहाल बांधला. जिना उतरून आत जायचं आणि गवाक्षात बसायचं. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, ते डोळ्यांसमोरून पडद्यासारखं जातं. बाहेर एवढा धुमाकूळ चाललेला असतो आणि आत बसणारा कोरडा. नदी बघायला म्हणून बांधलेली भिंत! असलं खूळ पुन्हा कुणाच्या डोक्यात शिरलेलं दिसत नाही.

मामा गेले. एसटीनं गेले, दिवसभर फिरले, संध्याकाळी परत आले. चहा घेताना बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, भारावले असतील. डॉल्फिन रद्द झाला, अशी आशाही क्षणभर वाटली.

कप खाली ठेवून ते म्हणाले, “भिंत लई झ्याक हाय ओ. पन चारशे वर्सं कोरीच ठिवली बगा.”