कासवं, काकू आणि एक्सेल

रत्नागिरी जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, बाणकोटच्या खाडीलगत वेळास आहे. तिथे शनिवार-रविवार काढायचा तर आधी काकूंना फोन करावा लागतो. अमुकच काकूंना असं नाही. गावात घरोघरी पाहुणे उतरतात, त्यामुळे कुठलाही नंबर फिरवा, पलीकडे कुणी ना कुणी काकू असतातच. खोली कशी आहे, समुद्र किती लांब, हे आपण विचारायच्या आत त्याच विचारतात, "ताटं किती?"

माझा मेहुणा आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. फोन त्याने स्पीकरवर टाकला होता.

"सहा जण आहोत. पाच मोठे, एक लहान."

"लहान म्हणजे केवढं? भाताचं की पोळीचं?"

"पाचवीत आहे."

"म्हणजे पूर्ण ताट. मोदक हवेत?"

"ते तिथे आल्यावर ठरवू."

"आल्यावर ठरवायला नारळ माझ्या फडताळात नाहीत, झाडावर आहेत. पाडेली बुधवारी यायचाय. आत्ता हो म्हणालात तर शनिवारी मोदक."

मेहुणा हो म्हणाला. मग एसी आणि वायफायची चौकशी करायला त्याने तोंड उघडलं, तोवर काकूंनी फोन ठेवला होता.

त्याच रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्सेल आलं. शुक्रवारी दुपारी तीनला प्रस्थान, ताम्हिणीत सूर्यास्त, रात्री आठला मुक्कामी. शनिवारी सकाळी ६.४५ ते ७.१५ कासवदर्शन. ७.१५ ते ७.३० नाश्ता. मग केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव आणि परतीच्या वाटेवर बाणकोटचा किल्ला. जेवणाला वीस मिनिटं, 'बफर' दहा मिनिटं. माझ्या आईने ते छापून मागितलं, चष्मा लावून नीट वाचलं आणि विचारलं, "ह्यात पाठ कुठे टेकायची?"

निघायला पाच वाजले. ताम्हिणीतला सूर्यास्त आम्ही पिरंगुटला दोन ट्रकांच्या फटीतून पाहिला. माणगावाहून पुढे मुंबई-गोवा महामार्ग. ह्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्या साली जन्मलेली मुलं दहावीला बसली. पण रस्त्याचं काम अजून कुठे ना कुठे आडवं येतंच, आणि न आलं तर चुकलो की काय असं वाटतं. लोणेऱ्याला वळून, आंबेतला सावित्री ओलांडून, मंडणगडावरून वेळासला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पडवीत काकू बॅटरी घेऊन उभ्या होत्या.

"आठ म्हणाला होतात. भात दोनदा गरम केला."

ह्यापेक्षा चांगलं स्वागत मला कुठल्याही हॉटेलात मिळालेलं नाही. हॉटेलात हात जोडून, थंड सरबत देऊन स्वागत होतं, पण आपल्याला उशीर झाला म्हणून कुणी चिडत नाही.

पानं मांडलेली होती. मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट, कुळथाचं पिठलं, पोह्याचा पापड. मेहुण्याने हाताने नकार दिला. रात्री आठनंतर तो जेवत नाही.

"उपास आहे? सांगायचंत ना. साबुदाणा भिजत घातला असता."

"उपास नाही, इंटरमिटंट फास्टिंग. सोळा तास काही खायचं नाही."

"सोळा?" काकूंनी डावाने भात वाढायला घेतला होता, तो तसाच हवेत राहिला. "मग एकादशीच धरा की. तेवढंच पुण्य तरी लागेल." आणि डाव त्याच्या ताटात रिकामा झाला. मेहुण्याने दोनदा भात घेतला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने काहीतरी निषेध नोंदवला, तर त्याने घड्याळच काढून खिशात टाकलं.

घर जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे सारवलेलं अंगण, ओटीवर झोपाळा, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी नव्याने काढलेल्या दोन खोल्या. एसी नव्हता, मात्र खिडकीतून पोफळीच्या बागेचा गारवा येत होता. मोबाइलला रेंज हवी असेल तर विहिरीजवळच्या आंब्याखाली जायचं. तिथे एक दांडी येते. रात्री उशिरापर्यंत त्या झाडाखाली निळ्या उजेडात तीन-चार चेहरे तरंगताना दिसत होते. शेजारच्या घरी उतरलेले मुंबईकर होते. आई आधी दचकली, मग म्हणाली, "कोकणात असायचंच."

सकाळी अंधारात उठून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री वाळूत अंडी घालून जातात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. पूर्वी ती उकरून नेली जायची, खाल्ली जायची, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, गावकरी त्यात उतरले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आता अंडी कुंपणाच्या आत हलवून पुरतात, वर टोपली पालथी घालतात आणि पाटीवर तारीख लिहितात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. नक्की कोणत्या दिवशी, ते पिल्लं ठरवतात.

दोरीमागे दीड-दोनशे माणसं उभी होती. लांबलचक कॅमेरे, गळ्यात दुर्बिणी, एकाने तर गुडघ्यापर्यंतचे बूट घातले होते. कासवमित्राने पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी. काही नाही. शेवटची टोपली उचलून तो म्हणाला, "संध्याकाळी सहाला बघू." मेहुण्याने विचारलं, संध्याकाळी येण्याची शक्यता किती टक्के? कासवमित्र विशीतला मुलगा होता. त्याने वाळूकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं आणि टोपल्या परत घालायला लागला.

नाश्त्याला घावन होते. ते मी चुलीशेजारी पाट टाकून पाहिले. बिडाचा काळाभोर तवा. काकूंनी नारळाच्या शेंडीने त्यावर तेल फिरवलं. तांदळाच्या पिठाचं पाणी, हो, जवळजवळ पाणीच, वाटीने उंचावरून ओतलं. चर्र झालं आणि क्षणात त्याला जाळी पडली. वर झाकण. बाजूने वाफ निघायला लागली की झाकण काढायचं, कडा सुटलेली असते. घावन उलटायचा नाही. दुमडून थेट पानात, सोबत ओल्या नारळाची चटणी, आणि हवा असेल तर गूळ घातलेला नारळाचा रस. घावन गार झाला की रुसतो, म्हणून करणारी आणि खाणारा ह्यांच्यात मधे कुणी येऊ द्यायचं नाही.

तवा एक, माणसं सहा, आणि प्रत्येकाची भूक पुण्याहून उपाशी आल्यासारखी. ७.१५ ते ७.३० ची पंधरा मिनिटं कधीच उडाली होती. मेहुण्याने मनातल्या मनात हिशेब करून सुचवलं, "काकू, दुसरा तवा लावला तर निम्म्या वेळात होईल."

"दुसरा तवा आहे की. दुसरी काकू आणा."

त्यात मोदकांचं ताट साडेबाराला. पावणेएक नाही, एक नाही. मोदक वाफेवरून उतरला की पानात. हर्णै-आंजर्ल्याला जाऊन साडेबाराला परतणं कुठल्याच गणितात बसेना, तेव्हा एक्सेलच्या तीन ओळी लाल झाल्या आणि बाणकोट तेवढा उरला. हर्णैच्या लिलावातली सुरमई हुकल्याचं दुःख मेहुण्याला फार झालं. पण सुरमई आणली असती तरी काकूंच्या चुलीने तिला घरात घेतलं नसतं.

बाणकोटचा किल्ला छोटा आहे. वर उभं राहिलं की खाली सावित्री समुद्राला मिळताना दिसते. १७५५ साली तो इंग्रजांच्या हाती आला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, म्हणजे ही कुणी वेगळीच विजया. भाच्याने हे त्याच्या वहीत लिहून घेतलं. आईला मात्र किल्ल्यापेक्षा भूगोलात रस होता. खाडीच्या पलीकडे श्रीवर्धन, पेशव्यांचं मूळ गाव. अलीकडे वेळास, नाना फडणविसांचं. "अख्खी पेशवाई इथून घाट चढून पुण्याला गेली," ती म्हणाली, "आणि आपण पुण्याहून घाट उतरून इथे जेवायला येतो. तेच शहाणे."

साडेबाराला पाच कमी असताना घरात शिरलो. काकूंनी आल्या आल्या मेहुण्याच्या हातात ओलं फडकं आणि केळीची पानं दिली, पुसायला. आई सकाळीच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली होती. किल्ल्यावर निघायच्या आधी तिने नारळांचा ढीग खोवून दिला होता. आता शेवटचा घाणा व्हायचा होता. काकू बोटं तेल-पाण्यात बुडवायच्या, उकडीच्या गोळ्याची पारी करायच्या, अंगठा आत ठेवून कडेने चिमटीत कळ्या काढत जायच्या. सारण भरलं की सगळ्या कळ्या एका दिशेने वळवून वर शेंडी. आईने एक केला. काकूंनी तो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "घाटावरचा आहे, पण फुटणार नाही." आईला त्या दिवसात मिळालेली ही सर्वांत मोठी पदवी.

पानात वालाची उसळ, केळफुलाची भाजी, वरणभात, सोलकढी, आणि मोदक. मोदकाची शेंडी मोडायची आणि भोकातून तूप सोडायचं. मेहुणा पहिल्या मोदकानंतर थांबून म्हणाला, ह्यात कॅलरी किती असतील? पाचव्यानंतर त्याने विचारणं सोडलं. जेवणानंतर ओटीवर चटया पडल्या आणि आईची पाठ टेकायची जी सोय एक्सेलमध्ये नव्हती, ती एक्सेल करणाऱ्यानेच सर्वांत आधी घेतली.

संध्याकाळी सहाला पुन्हा दोरीमागे. दुसऱ्याच टोपलीखाली वाळू हलत होती. तळहातावर मावतील एवढी, काळसर राखाडी पिल्लं. कासवमित्राने ती टोपलीत घेतली आणि पाण्यापासून थोडी लांब वाळूवर सोडली. ती वाळू पुढे त्यांच्या ओळखीची राहावी म्हणून चालत त्यांनीच जायचं. पुढच्या वल्ह्यांनी वाळू ढकलत ती निघाली. एक वाकडं गेलं, भलतीकडे वळलं, तेव्हा दीडशे माणसं एकदम "अरे, तिकडे नाही!" असं ओरडली. ते अगदी आपल्याच घरचं असल्यासारखं. लाटेने एकाला दोनदा परत आणून टाकलं. तिसऱ्या लाटेत ते गेलं. मेहुण्याने मोबाइल वर धरला होता, पण व्हिडिओ सुरूच केला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

रात्री जेवताना भाच्याने वहीतलं वाचून दाखवलं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू ऊन असली की माद्या जास्त, गार असली की नर.

काकू आमटी वाढत होत्या. त्यांच्या तिन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. "काय सांगतोस? म्हणजे दोष जमिनीचा?" त्या म्हणाल्या. "सासूबाई असत्या तर तुला इथे बसवून परत एकदा वाचायला लावलं असतं."

रविवारी सकाळी हिशेब झाला. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे काकूंनी पेन्सिलने मांडला होता: माणशी राहणं, जेवणं, नाश्ता, मोदक नगावर. सगळ्यात शेवटी एक वजाबाकी होती. आजींचं एक जेवण वजा, नारळ खोवले म्हणून.

मेहुण्यातला मॅनेजर जागा झाला. "काकू, मीसुद्धा केळीची पानं पुसून दिली होती."

"हो. तुम्ही पुसलेली सगळी पानं मी परत पुसली," काकू म्हणाल्या. "त्याचे लावले नाहीत."