फ्रेंच क्लब आणि अर्धा कांदा

अमेरिकेतल्या हायस्कुलात भाषेचा क्लब काढायला भाषा यावी लागत नाही. एक शिक्षक, एक रिकामा वर्ग आणि पदं स्वीकारायला तयार असलेली मुलं, एवढ्या भांडवलावर काम भागतं. न्यू जर्सीतल्या आमच्या कन्येच्या शाळेत फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन आणि लॅटिन असे चार क्लब आहेत. त्यातल्या फ्रेंच क्लबाची कार्यकारिणी वाचून माझा ऊर भरून आला. अध्यक्ष, सहअध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रसिद्धीप्रमुख आणि शिवाय एक 'हिस्टोरियन'. हा हिस्टोरियन म्हणजे क्लबाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकणारा मुलगा. नुसते सभासद किती, असं विचारल्यावर कन्या जरा घुटमळली. मला तर अगदी आपल्या मंडळात आल्यासारखं वाटलं.

याचं मूळ कॉलेजच्या अर्जात आहे. 'कॉमन ॲप' नावाच्या त्या अर्जात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी दहा जागा असतात. पद लिहायला पन्नास अक्षरं, काय दिवे लावले ते लिहायला दीडशे, आणि त्यात मधल्या मोकळ्या जागाही मोजतात. पन्नास अक्षरांच्या जागेत नुसतं 'सभासद' लिहिणं म्हणजे भरल्या ताटावरून उपाशी उठणं. म्हणून इथे सभासद कोणीच नसतो, सगळे पदाधिकारी.

सप्टेंबरात क्लबांचा बाजार भरतो. जिमखान्यात टेबलं मांडून मुलं गिऱ्हाइकं ओढत असतात. लॅटिनवाले घरच्या चादरी गुंडाळून रोमन झालेले. त्यांची 'ज्युनियर क्लासिकल लीग' ही देशव्यापी संघटना 1936 पासून आहे आणि त्यांचा उत्साह बघवत नाही. माझ्या मते हाच क्लब सगळ्यात सुरक्षित. ज्या भाषेत बाजारहाट करणारं कोणी उरलेलंच नाही, ती आपल्याला बोलता येत नाही हे उघडकीला येणार तरी कसं?

जर्मनवाले फक्त एक वाडगा घेऊन बसले होते, गमी बेअर्सनी भरलेला. त्यात जिलेटिन असतं, त्यामुळे आमच्या भागातली शाकाहारी मुलं त्या टेबलापाशी येऊन हळहळून पुढे जात होती. त्या वाडग्यामागे मोठा इतिहास आहे. 1915 च्या सुमारास अमेरिकन हायस्कुलातली जवळजवळ एकचतुर्थांश मुलं जर्मन शिकत होती. मग अमेरिका महायुद्धात उतरली आणि सॉअरक्राउट या बिचाऱ्या आंबवलेल्या कोबीचंसुद्धा 'लिबर्टी कॅबेज' असं बारसं झालं. नेब्रास्का राज्याने तर 1919 साली लहान मुलांना परकी भाषा शिकवायलाच बंदी केली. रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या पोराला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवल्या, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. तो पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1923 साली जिंकला. पण तोवर जर्मन शिकणारी मुलं शंभरात एकसुद्धा राहिली नव्हती. गंमत अशी, की ही भाषा अशी तळाला गेली होती त्या 1922 सालीच तिकडे बॉन शहरात हान्स रीगेल नावाच्या गृहस्थाने गमी बेअर काढला. कोर्टाला जे जमलं नाही ते अस्वलाने केलं असं म्हणायला हरकत नाही.

फ्रेंच क्लबाचं सगळं राजकारण क्रेपवर चालतं. क्रेप म्हणजे पातळ धिरडं. ते विकून निधी जमवायचा आणि त्या निधीतून पुढच्या क्रेपचं सामान आणायचं. पण मध्ये सरकार उभं आहे. 2014 पासूनच्या केंद्रीय नियमाप्रमाणे शाळेच्या वेळात मुलांना विकायचा खाऊ दोनशे कॅलरींच्या आत हवा. नुटेला लावलेलं क्रेप ही मर्यादा हसत हसत ओलांडतं. मात्र कायद्याच्या हिशेबी शाळेचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाने संपतो. म्हणून तीस मिनिटं सगळी मुलं हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत उभी, आणि एकतिसाव्या मिनिटाला नुटेलाचं झाकण उघडतं. कायदा पाळण्याची इतकी भूक मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

यंदा क्रेप करायला माझी आई गेली. ती कुडाळहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि घरात बसून कंटाळली होती. नातीने मोबाइलवर क्रेपचा व्हिडिओ दाखवला. आई म्हणाली, "गो, ही घावनंच. फक्त मैद्याची. आणि जरा जाडच घालतायत."

शाळेत विजेचा चपटा तवा होता आणि पीठ पसरायला लाकडी दांडीचं एक अवजार. ते आईने बाजूला ठेवलं. पिशवीतून घरून आणलेला अर्धा कांदा काढला, त्याच्या पाठीत काटा खुपसला, कापलेली बाजू तेलात बुडवली आणि तव्यावरून गर्रकन फिरवली. चर्र असा आवाज झाला आणि क्लबाचे सगळे पदाधिकारी दोन पावलं मागे सरले. मग ओगराळ्याने कडेकडेने पीठ सोडत तिने आतलं वर्तुळ भरलं. धिरडं इतकं पातळ निघालं की त्यातून पलीकडचा खजिनदार दिसत होता. रांग पार दारापर्यंत गेली. नुटेलाच्या आड कांद्याचा हलकासा वास होता खरा, पण पोरं तो परदेशी समजून खात होती.

आता वर्तमानपत्र. कन्या फ्रेंच क्लबाची सचिव आहे तशी शाळेच्या पेपरातही आहे. तिथेही तीच तऱ्हा: दोन मुख्य संपादक, एक व्यवस्थापकीय संपादक, मत, क्रीडा, छायाचित्र वगैरे खात्यांचे संपादक, आणि बातमी लिहायला त्या आठवड्यात जो सापडेल तो. पण एका नियमाबाबत पेपराच्या सल्लागार बाई फार कडक. ज्या क्लबात आपण आहोत त्याची बातमी आपण लिहायची नाही. मी हे ऐकून थक्क झालो. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत अहवाल सचिव स्वतः लिहितो, त्यात स्वतःला 'कार्यतत्पर' म्हणतो आणि खाली स्वतःचाच फोटो टाकतो. त्याशिवाय आतली माहिती बाहेर येणार कशी?

तर या नियमामुळे क्रेपची बातमी स्पॅनिश क्लबाच्या उपाध्यक्षाने लिहिली. मथळा होता 'फ्रेंच पाककलेत कांद्याचा धाडसी प्रयोग'. आईचा उल्लेख 'अतिथी शेफ' असा होता, पण शेवटच्या परिच्छेदात 'काही ग्राहकांना वासाबद्दल प्रश्न पडले' असं एक वाक्य खोचून दिलेलं.

आई खवळली. "तुझ्या हेडमास्तरांना सांग ता वाक्य काढूक."

नातीने आजीला कायदा सांगितला. 1983 साली मिझुरीतल्या हेझलवुड इथल्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या पेपरातली दोन पानं काढून टाकली, त्यांत किशोरवयीन मुलींचं गरोदरपण आणि आईबापांचे घटस्फोट यांवर लेख होते, हे प्रकरण सुप्रीम कोर्टाने ऐकलं आणि—

"काय म्हणाला कोर्ट?"

"मुख्याध्यापकांचं बरोबर म्हणाले. निकाल 1988 ला लागला."

"मग सांग त्यांका!"

"पण आजी, न्यू जर्सीने 2021 मध्ये वेगळा कायदा केला. आता प्रिन्सिपलना असं मनाला येईल ते काढता येत नाही."

"कांद्यापायी दिल्लीचा सरकार पडलेला मी बघितलंय," आई म्हणाली, "आणि तुमच्या शाळेत एक वाक्य पडणा नाय?"

सूड घ्यायची संधी मे महिन्यात आली. 5 मे हा स्पॅनिश क्लबाचा सण. 1862 साली त्या दिवशी मेक्सिकोच्या फौजेने पुएब्ला इथे फ्रेंचांचा पराभव केला. तो विजय स्पॅनिश क्लब दरवर्षी फ्रेंच क्लबाच्या शेजारच्याच वर्गात गोळ्या भरलेला पिन्याता फोडून साजरा करतो, मधली भिंत पातळ आहे. बातमी कन्येकडे आली. तिने पिन्यात्याचं वर्णन केलं, त्यातून सांडलेल्या गोळ्यांचं केलं, आणि शेवटी अत्यंत वस्तुनिष्ठपणे एक ओळ लिहिली: पुढच्याच वर्षी, मे 1863 मध्ये, फ्रेंचांनी पुएब्ला जिंकून घेतलं. ओळ शंभर टक्के खरी होती. स्पॅनिश क्लबाने संपादकांना जे पत्र पाठवलं त्यावर सात पदाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. फ्रेंच क्लबाचं उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं. कोणालाही दुसऱ्याच्या भाषेत भांडता येत नसल्यामुळे दोन्ही पत्रं इंग्रजीत होती.

शेवटी बाईंनी तोडगा काढला. यापुढे या दोन्ही क्लबांच्या बातम्या लॅटिन क्लबाचा मुलगा लिहील. गॉल आणि हिस्पानिया हे दोन्ही मुलूख रोमने कधीच जिंकून टाकले होते, तेव्हा त्याला दोन्ही पक्ष सारखेच. पोरगा चादर सावरत कामाला लागला. त्याची पहिली बातमी मी वाचली. निःपक्षपाती होती. फक्त दोन्ही क्लबांचा उल्लेख त्याने सगळीकडे 'प्रांत' असा केला होता.