चिलीचे राखणदार

आमच्या शेजारच्या गृहस्थांना टेक्सास सोडून एकतीस वर्षं झाली. घर न्यू जर्सीत, गाडीची पाटी न्यू जर्सीची, मुलंही इथंच वाढली. तरी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं की ते गावाचं नाव सांगत नाहीत. "जिथं चिलीत राजमा घालत नाहीत तिथला," असं सांगतात.

हा नमुना अमेरिकेत गल्लोगल्ली सापडतो. आपल्या राज्याचा खरा पदार्थ कोणता, ह्याबद्दल त्याचं मत असतंच. पण त्याचा सगळा जोर इतरांचे पदार्थ कसे खरे नव्हेत हे सांगण्यात खर्च होतो. आमचे गृहस्थ ह्या पंथातले बुजुर्ग. चिली म्हणजे गोमांस आणि सुक्या लाल मिरच्यांचा दाट रस्सा. टेक्सासच्या विधिमंडळानं १९७७ साली तिला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं, आणि तेव्हापासून गृहस्थांच्या लेखी चिली हा पदार्थ राहिला नाही, कायदा झाला. आम्ही गोमांस खात नाही. त्यामुळे ह्या भांडणात आमचा दर्जा अलिप्त राष्ट्राचा, आणि बहुधा म्हणूनच दोन्ही बाजूंच्या तक्रारी आमच्याच ओट्यावर येतात.

उन्हाळ्यात गल्लीत पॉटलक असतं. दोन वर्षांपूर्वी ओहायोतून नवीन आलेल्या एका बाईंनी सिनसिनाटीची चिली आणली. ही चिली १९२२च्या सुमारास मॅसेडोनियाहून आलेल्या भावांनी त्या शहरात सुरू केली. तीत दालचिनी असते, ती स्पगेटीवर ओततात आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर रचतात. लग्नाच्या पंगतीत आगंतुक बसलेला दिसावा तसे गृहस्थ त्या पातेल्याकडे पाहत राहिले.

"हे काय?"

"चिली."

"असं कोण म्हणतं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हवा तर वर राजमाही घालून मिळतो." गृहस्थ त्या दिवशी जेवले नाहीत. निदान आमच्यासमोर तरी नाही.

बार्बेक्यूचा विषय निघाला की तर खुर्च्या मागे सरकवाव्या लागतात. गृहस्थांच्या मते बार्बेक्यू म्हणजे गाईच्या छातीचं मांस, धुरावर रात्रभर शिजवलेलं. संपलं. पलीकडच्या घरात नॉर्थ कॅरोलिनाचे नवराबायको आहेत. तो राज्याच्या पूर्वेकडचा, ती लेक्झिंग्टनकडची. त्याच्याकडे अख्खं डुक्कर भाजतात आणि वर नुसतं व्हिनेगर आणि मिरची. तिच्याकडे फक्त खांदा, आणि व्हिनेगरात किंचित केचप. त्या किंचित केचपवरून ती दोघं कितीही वर्षं भांडू शकतात. साउथ कॅरोलिनावाले मोहरीचा पिवळा सॉस घालतात एवढं कुणी आठवून दिलं, की मात्र दोघं तत्काळ एक होतात. आणि कॅन्सस सिटीचा गोड, दाट सॉस? तो कुठल्या राज्याचा म्हणायचा? त्या नावाचं मोठं शहर कॅन्ससमध्ये नाहीच, मिझुरीत आहे. गृहस्थ हा मुद्दा असा मांडतात की जणू शहर त्यांनीच पकडून दिलं.

कायद्याचा आधार त्यांना फार प्रिय. वरमाँटनं १९९९ साली ॲपल पाय हा राज्याचा पाय ठरवला, आणि तो वाढताना थंड दूध, निदान अर्धा औंस चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा सोबत देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असं कायद्यातच लिहिलं. हे वाचून मला आपल्या वरपक्षाच्या याद्या आठवल्या. मेनमधल्या क्लीव्हलँड स्लीपर नावाच्या आमदारानं १९३९ साली शिंपल्यांच्या चाउडरमध्ये टोमॅटो घालणं बेकायदा ठरवणारं विधेयक मांडलं होतं. गृहस्थ त्याचा उल्लेख शहिदासारखा करतात. यूटाचा अधिकृत खाऊ जेलो आहे, ह्यावर ते बोलत नाहीत, नुसते डोळे मिटतात. ओक्लाहोमावर मात्र त्यांचा खास राग. त्या राज्यानं १९८८ साली एक पदार्थ न निवडता अख्खं ताटच अधिकृत केलं. तळलेल्या भेंडीपासून पेकान पायपर्यंत बारा जिन्नस. "एक ठरेना, म्हणून बारा घेतले," गृहस्थ म्हणतात, "आणि त्यातले निम्मे आमचे!" मला विचाराल तर ओक्लाहोमा शहाणं. तळलेली भेंडी पाहून तर मला ते राज्य नात्यातलंच वाटलं.

राजकारण्यांनाही ते ह्याच तराजूत तोलतात. २००३ साली अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले जॉन केरी फिलाडेल्फियाला गेले आणि तिथल्या चीजस्टेकमध्ये त्यांनी स्विस चीज मागितलं. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी केरी हरले, ते ह्याच पापानं, असं गृहस्थांचं ठाम मत. पेनसिल्व्हेनियात केरी जिंकले होते, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

गंमत अशी, की ज्या राज्यात ते एकतीस वर्षं राहतात तिथल्या भांडणाचं त्यांना हसू येतं. न्यू जर्सीत न्याहारीच्या सँडविचात डुकराच्या मांसाची एक चकती घालतात. उत्तरेकडचे तिला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेकडचे पोर्क रोल. वस्तू तीच, भांडण नावाचं. २०१६ साली रटगर्स विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला आलेल्या ओबामांनी हा वाद मिटवायलाच आलो आहे असं जाहीर केलं, आणि लगेच अंग काढून घेतलं. कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी ते कशालाही भीत नव्हते म्हणे, फक्त ह्याला सोडून. "एका चकतीवरून!" असं म्हणून गृहस्थ पोट धरून हसतात. मग डोळे पुसून पुन्हा राजम्याकडे वळतात.

त्यांच्या बायकोनं मला एकदा कुंपणावरून हळूच सांगितलं, की टेक्सासात असताना ह्यांना चिली मुळीच आवडत नसे. सासूबाई करायच्या तेव्हा हे बाहेर जाऊन बर्गर खायचे. पहिल्यांदा स्वतः चिली केली ती इथं आल्यावर, इथल्या पहिल्या हिवाळ्यात. फोनवर आईला विचारत विचारत.

हे कळल्यावर मी त्यांना जेवायला बोलावलं. बायकोनं राजमा केला होता. वाढताना माझा हात जरा थरथरला. गृहस्थांनी वाडग्यात बराच वेळ निरखून पाहिलं, एक घास घेतला, मग दुसरा, मग वाडगा पुढे केला.

"ही चिली नव्हे," ते म्हणाले.

"नव्हेच. राजमा. पंजाबचा."

"मग हरकत नाही. पंजाबात राजमा चालतो." परवानगी दिल्यासारखी त्यांनी मान हलवली. "पण तुम्ही तर पंजाबचे नाही ना? तुमच्या राज्याचा पदार्थ कोणता?"

मी पुण्याचा. 'मिसळ' म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात समोर माझ्या नागपूरच्या बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला. मला ओबामा आठवले. मी गृहस्थांना आणखी राजमा वाढला.